गच्चीवरील दोन घटका

गेल्या महिन्यांत एका वाचक भगिनीचें पत्र आम्हांस आलें. घरांत सासूसासरे, दीर, जाऊ मिळून अकरा माणसें. त्यांत चौदा, पंधरा व सतरा या वयांचीं तीन मुलें. मुलें लहान होतीं तेव्हां त्यांस कसें रमवावें हा प्रश्न कधीं पडला नाहीं. आतां सुटी लागली कीं तीं आपल्या खोलींत व आम्ही आपल्या, असें त्या लिहितात. आईबापांस मुलांसह करतां येईल अशी एखादी मौज सुचवावी, मात्र मुलांनीं ती आमच्यावर उपकार केल्यासारखी करूं नये, अशी त्यांची अट आहे. ही अटच आम्हांस पत्राचा गाभा वाटली.

तेराव्या-चौदाव्या वर्षापासून मुलांचें व वडील माणसांचें संभाषण कसें आटत जातें, हें ज्यांच्या घरीं अशीं मुलें आहेत त्यांस सांगावयास नको. "अभ्यास झाला कां?", "जेवलास कां?", "तो मोबाइल ठेवलास कां?", "किती वाजले पाहिलेंस कां?" या चार प्रश्नांवर पुष्कळ घरीं बापलेकांचा सारा व्यवहार चालतो, आणि चारहि प्रश्नांस उत्तर एकच, तें म्हणजे "हो". प्रेम कमी झालेलें नसतें. परंतु ज्याचें उत्तर चुकूं शकतें असाच प्रश्न आपण नेहमीं विचारीत असल्यामुळें मुलें आपल्यासमोर सदा परीक्षेस बसल्यासारखीं असतात. सोळा वर्षांच्या पुत्राविषयींचें सुभाषित आमच्या वाचकांस पाठ असेल. पण ती मैत्री करावी कोठें आणि आरंभ कसा करावा, हें सुभाषितकारानें आपल्यावर सोपविलें आहे.

यावर जे उपाय सर्वत्र चालतात ते आम्ही पाहतों. सिनेमास गेलें तर तीन तास शेजारीं बसून कोणी कोणाशीं बोलत नाहीं. उपाहारगृहांत गेलें तर पदार्थ येईपर्यंत प्रत्येक जण आपापल्या मोबाइलमध्यें डोकें घालतो. सहलीस खर्च आहे व तयारी आहे. आणि तयारींतच आईचा जीव इतका थकतो कीं मौज इतरांच्या वांट्यास जाते. पत्ते, कॅरम, बुद्धिबळें आम्ही वाईट म्हणत नाहीं; पावसाळ्यांत त्यांसारखा आधार नाहीं. पण बुद्धिबळांत बाप जिंकला तर मुलगा हिरमुसतो, आणि मुलगा जिंकला तर पुष्कळ बाप हिरमुसतात.

आम्ही सुचवितों ती मौज फुकट आहे व फार जुनी आहे. जेवणें आटोपल्यावर गच्चीवर किंवा अंगणांत सतरंजी टाकावी, दिवे मालवावे आणि मुलांसह आकाश पाहावें. मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) यांचें नांव 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या त्यांच्या १८९६ च्या मोठ्या ग्रंथामुळें विद्वानांस ठाऊक आहे. पेशानें ते शिक्षक होते, आणि सामान्य वाचकांसाठीं त्यांनीं 'ज्योतिर्विलास' नांवाचें पुस्तक लिहिलें. त्या पुस्तकाचें दुसरें नांव 'रात्रीची दोन घटका मौज' असें आहे. दोन घटका म्हणजे ४८ मिनिटें. अंधाराला डोळे सरावण्यास वीस-पंचवीस मिनिटें लागतात, आणि राहिलेल्या वेळांत पाहणें होऊन कंटाळा येण्यापूर्वीं खालीं येतां येतें. पहिल्या रात्रीं याहून अधिक बसूं नये.

इतर खेळ सोडून आकाशच कां, याचें कारण आमच्या मतें असें कीं येथें आईबापहि बहुधा मुलांइतकेच अजाण असतात. चाळिशीच्या सुशिक्षित गृहस्थास घराच्या कर्जाचा हप्ता, आयकराचीं कलमें व मुलाच्या शाळेचें वेळापत्रक पाठ असतें; पण पश्चिमेस चमकणारा हा शुक्र कीं गुरु, हें विचारलें तर तो मुलाकडे पाहतो. हें अज्ञान येथें भांडवल आहे, तें झांकूं नये. दुसरें कारण अंधार. अंधारांत कोणाचें तोंड कोणास दिसत नाहीं, आणि सर्वांची दृष्टि समोरासमोर नसून एकाच दिशेस लागलेली असते. या वयाच्या मुलांस समोर बसवून बोलतें करणें कठीण आहे. शेजारीं पडून वर पाहतांना तीं आपण होऊन बोलूं लागतात.

"पुण्या-मुंबईच्या उजेडांत तारे दिसतात कोठें?" अशी शंका येईल. मंद तारे दिसत नाहींत हें खरें, पण आरंभ करणाऱ्यास तें सोयीचेंच असतें. गांवच्या काळ्याभोर आकाशांत हजार तारे एकदम अंगावर येतात व ओळखीचा एकहि सांपडत नाहीं. शहरांत वीस-पंचवीस ठळक तारे उरतात, तेच ओळखावयाचे असतात. रस्त्याचा दिवा आड होईल असा गच्चीचा कोपरा शोधावा, आणि टॉर्चवर तांबडा कागद बांधावा म्हणजे डोळे दिपत नाहींत. दिवाळींत किंवा मे महिन्यांत कोंकणांत, देशावर जाणें झालें, तर पाठ केलेल्या या ओळखीच्या चेहऱ्यांभोवतीं केवढी जत्रा आहे तें आपोआप दिसेल.

आरंभ चंद्रापासून करावा, कारण तो उजेडाला भीत नाहीं. शुद्ध द्वितीयेपासून पौर्णिमेपर्यंत रोज एकाच वेळीं, एकाच जागीं उभें राहून चंद्र पाहावा, आणि "उद्यां याच वेळीं तो कोठें असेल?" यावर घरांत पैज लावावी. चंद्र ताऱ्यांमधून दिवसाला सुमारें १३ अंश पूर्वेस सरकतो. हात सरळ लांब करून मूठ वळली असतां तिची रुंदी सुमारें १० अंश भरते. म्हणजे चंद्राची रोजची मजल एक मूठ व वर दोन बोटें. ही गोष्ट आधीं सांगूं नये. तीन रात्रीं चुकून चौथ्या रात्रीं मुलगी मूठ मोजून जागा दाखविते, तेव्हां तिच्या आवाजांत जो ठसका असतो तो गुणपत्रकानें येत नाहीं. जो हरेल त्यानें सर्वांचीं अंथरुणें घालावीं, हा दंड पुरे.

पौर्णिमेस घरांतलें पंचांग वर आणावें. चंद्राचा हा रोजचा मुक्काम म्हणजेच नक्षत्र, अशीं मुक्कामाचीं सत्तावीस घरें आहेत, आणि पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्राच्या आसपास असतो त्यावरून महिन्यास नांव पडलें, हें ऐकून पुष्कळ मुलें चकित होतात. चित्रेजवळ पूर्ण झाला तो चैत्र, कृत्तिकांजवळचा तो कार्तिक, मघांजवळचा तो माघ. नित्याच्या बारा नांवांत आकाशाचा नकाशा दडलेला आहे. पंचांग म्हणजे केवळ लग्नमुहूर्ताचें व चतुर्थीच्या चंद्रोदयाचें पुस्तक, अशी ज्या मुलांची समजूत आहे, तीं तें दुसऱ्या दिवशीं आपण होऊन उघडतात.

मुठीचें माप एकदां हातीं आलें कीं ध्रुव मोजावा. ध्रुव क्षितिजापासून जितके अंश वर, तितके आपल्या गांवाचे अक्षांश. पुण्यास तो सुमारें साडेअठरा अंशांवर, म्हणजे दोन मुठींस थोडा कमी, नागपुरास एकवीस. ज्या घरचा काका लंडनला आहे त्यानें तेथून मोजलें तर पांच मुठींहून वर जाईल. पुतण्यानें येथून व काकानें तिकडून मोजावें आणि फोनवर आंकडे जुळवावे. आमच्या माहितींतील एका घरीं हा खेळ झाला, तेव्हां एरवीं काकाचा फोन आला कीं न्हाणीघरांत शिरणारा मुलगा त्या दिवशीं पाऊण तास फोन सोडीना.

आतां आमच्या विशेष आवडीचा खेळ सांगतों. एकत्र कुटुंबास तो फार शोभतो. ताऱ्यापासून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत येण्यास वर्षें लागतात. श्रवण नक्षत्राच्या ठळक ताऱ्यापासून सुमारें १७ वर्षें, अभिजितापासून २५, स्वातीपासून ३७, ब्रह्महृदयापासून ४३, रोहिणीपासून सुमारें ६५. तेव्हां घरांतील प्रत्येकानें आपल्या वयाचा तारा शोधावा. सतरा वर्षांच्या मुलानें श्रवणाकडे पाहिलें तर त्याच्या डोळ्यांत आज शिरणारा किरण त्याच्या जन्माच्या सुमारास तेथून निघाला होता. कार्तिकांत रात्रीं नऊच्या सुमारास हा खेळ उत्तम होतो. त्या वेळीं श्रवण पश्चिमेस उतरत असतो, धाकट्या आत्याचा वा मावशीचा अभिजित वायव्येस असतो, आईचें ब्रह्महृदय ईशान्येस वर येत असतें, आणि पूर्वेस आजोबांची तांबूस रोहिणी. तीन पिढ्या एका छपराखालीं असतात तशा त्या एका आकाशाखालीं उभ्या राहतात. वर्ष-दोन वर्षांचा फरक पडला तर ज्योतिषी रागावणार नाहींत.

या खेळांत ताऱ्यांहून अधिक मौज गोष्टींची असते. "हा किरण निघाला त्या वर्षीं काय चाललें होतें?" असें विचारलें कीं आई सांगूं लागते: त्या वर्षीं आपण भाड्याच्या दोन खोल्यांत होतों, तुझें नांव आत्यानें सुचविलें, तें आजोबांस पसंत नव्हतें, पावसाळा लांबला होता व तुझीं दुपटीं वाळत नव्हतीं. आजोबांची पाळी येते तेव्हां ते ज्या घराविषयीं बोलतात तें आतां उभें नाहीं, व ज्या माणसांचीं नांवें घेतात त्यांतलीं बहुतेक गेलेलीं असतात. या गोष्टी दिवाणखान्यांत आग्रहानें सांगितल्या तर मुलें जांभया देतात, हें आम्हीं पुष्कळदां पाहिलें आहे, गच्चीवर तींच मुलें "पुढें काय झालें?" म्हणून विचारतात. चैत्र-वैशाखांत चित्रा दाखवावी. तिचा प्रकाश सुमारें २५० वर्षांपूर्वीं निघालेला. म्हणजे पुण्यांत नाना फडणीस कारभार पाहत असतांना. तेथें घराण्याची कुळकथा निघाली, तर ज्यांच्याकडे वंशवेल लिहून ठेवलेली आहे त्यांनीं ती खालून आणावयास हरकत नाहीं.

आमच्या परिचयाचें एक कुटुंब आहे. वडील बँकेंत अधिकारी, मुलगी पंधरा वर्षांची, दहावींत. वडील कडक म्हणावे असे नाहींत, पण गणिताविषयीं त्यांस फार आस्था आणि मुलीच्या गुणांवर त्यांची सतत नजर. मार्गशीर्षांत आईच्या आग्रहावरून तिघें गच्चीवर जाऊं लागलीं. पहिल्या दोन रात्रीं कोणी विशेष बोललें नाहीं. तिसऱ्या रात्रीं, वर कृत्तिकांचा पुंजका डोक्यावर येत असतां, मुलगी एकाएकीं म्हणाली, "बाबा, सहामाहीचा गणिताचा पेपर मी तुम्हांला दाखविलाच नाहीं. सहीसुद्धां मीच केली." आई सांगते, आपला श्वास त्या क्षणीं अडकला. वडील बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पेपराचें उद्यां सकाळीं पाहूं. आधीं सांग, तुला कृत्तिका किती दिसतात?" तिनें मोजून सात सांगितल्या. वडिलांस पांचच दिसत होत्या. त्यांनीं चष्मा पुसला, पुन्हां मोजल्या, तरी पांचच.

दुसऱ्या दिवशीं पेपर पाहिला गेला, सहीबद्दल जें बोलावयाचें तेंहि बोलणें झालें, आणि गणिताला शिकवणी लावण्याऐवजीं वडील स्वतः रोज अर्धा तास बसूं लागले. त्या मुलीस पुढें किती गुण मिळाले हें आम्हीं विचारलें नाहीं. आयुष्य शाळेंत गेल्यामुळें एवढें आम्हांस ठाऊक आहे कीं लपविलेल्या पेपरामागें आळस क्वचित् असतो, भय बहुधा असतें. आणि तें भय ट्यूबलाइटच्या उजेडांत, जेवणाच्या टेबलाशीं, सर्वांच्या देखत बाहेर येत नाहीं. मात्र मुलांकडून कांहीं काढून घ्यावें या हेतूनें कोणी त्यांस गच्चीवर नेऊं नये. तीं फार लवकर ओळखतात, आणि मग सतरंजीवरहि "हो" एवढेंच ऐकूं येतें.

आमच्यासारख्या शिकविण्याची खोड असलेल्यांस येथें आणखी एक सूचना करावीशी वाटते. गच्चीवर वही-पेन्सिल नेऊं नये, दुसऱ्या दिवशीं "काल दाखविलेलें नक्षत्र कोणतें?" असें विचारूं नये, आणि आकाशाचा संबंध कोणत्याहि स्पर्धापरीक्षेशीं जोडूं नये. मोबाइलविषयीं मात्र आम्ही कर्मठ नाहीं. ताऱ्याचें नांव सांगणारीं साधनें त्यांत असतात. ओळख पटविण्यापुरतीं तीं शेवटीं उघडावीं, आरंभीं नाहीं. आंतरराष्ट्रीय अवकाश-स्थानक आपल्या गांवावरून केव्हां जाणार हें त्यावर कळतें. सुमारें ९० मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो तेजस्वी ठिपका सायंकाळीं शांतपणें डोक्यावरून जातांना पाहणें, आणि त्यांत या क्षणीं माणसें आहेत हें मनांत येणें, यांत मोठें नवल आहे. ती वेळ काढण्याचें काम मुलांकडेच द्यावें. दुर्बिणीची घाई करूं नये. पुढें गोडी लागलीच तर दोन डोळ्यांनीं पाहण्याची साधी द्विनेत्री घ्यावी. तिनें चंद्रावरील खड्डे व कृत्तिकांतील अनेक तारे स्पष्ट दिसतात, आणि कठड्यावर टेकवून हात स्थिर ठेवला तर गॅलिलिओनें १६१० सालीं पाहिलेले गुरूचे चंद्रहि दिसूं शकतात. त्यापुढील वाटेसाठीं पुण्यास १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे.

आजीस विसरूं नये. पुस्तकांतले सप्तर्षि कित्येक खेड्यांत खाटलें म्हणून ओळखले जातात: चार तारे खाटल्याचे पाय, मागचे तीन चोर. मेच्या सुटींत रात्रीं नऊस ते उत्तरेस चांगले उंच असतात. शेपटीच्या मधल्या ताऱ्याशेजारीं बारीक अरुंधती दिसते, ती आजीनें लग्नांत पाहिली होती कीं नुसतीच मान हलविली होती, हें तिला अवश्य विचारावें. दक्षिण क्षितिज मोकळें असेल तर त्याच सुमारास खालीं त्रिशंकूचे तारे सांपडतात. हिवाळ्यांत मृगाची कथाहि आजीनेंच सांगावी: रोहिणीमागें धांवणारा मृग, त्याच्या अंगांत रुतलेला तीन पेरांचा बाण, आणि बाण मारणारा व्याध. बाणाची रेषा एका बाजूस वाढविली तर व्याध येतो, दुसऱ्या बाजूस रोहिणी. कथा रचणाऱ्यानें आकाश नीट पाहिलें होतें. याच मृगावरून टिळकांनीं १८९३ सालीं 'ओरायन' लिहून वेदकाळाचा विचार मांडला. तो विचार कोणास पटेल, कोणास पटणार नाहीं. सतरा वर्षांच्या मुलास वादाला जागा असलेली गोष्ट अधिक आवडते. मृगाच्याच एका कोपऱ्यांत तांबडी आर्द्रा आहे. २०१९ च्या अखेरीपासून फेब्रुवारी २०२० पर्यंत तिचें तेज नुसत्या डोळ्यांस कळेल इतकें मंदावलें होतें. तिनेंच बाहेर टाकलेल्या द्रव्याची धूळ आड आली असें ज्योतिषी सांगतात. तें प्रथम ज्यांच्या ध्यानीं आलें त्यांना आर्द्रा रोज पाहण्याची संवय होती.

एक गोष्ट आम्ही स्पष्टच लिहितों. पुरुषमंडळी व मुलें वर तारे पाहत आहेत आणि घरच्या स्त्रिया खालीं ओटा आवरीत आहेत, असें चित्र आम्हीं एकाहून अधिक घरीं पाहिलें आहे. तसें करावयाचें असेल तर हा उद्योग न केलेला बरा. गच्चीच्या दिवशीं जेवण खिचडीचें असावें, तें साडेसातास आटपावें, आणि भांडीं सर्वांनीं मिळून आवरल्यावरच जिना चढावा. पत्र लिहिणाऱ्या भगिनींनीं ही अट आपली म्हणून घरांत सांगावी. ती आमची म्हणून सांगितली तरी चालेल.

वर्षांतून एक रात्र मात्र दोन घटकांचा नियम मोडण्यासाठीं राखून ठेवावी. १३ व १४ डिसेंबरच्या मधली रात्र ही ती होय. त्या सुमारास दरवर्षीं पुनर्वसूच्या बाजूनें उल्का पडतांना दिसतात. ऑगस्टचा उल्कावर्षाव आपल्याकडे ढगांत जातो, हा सहसा जात नाहीं. शहरापासून दूर, चंद्र नसेल तेव्हां, मध्यरात्रीनंतर तासाभरांत कित्येक उल्का मोजतां येतात. शहरांत पांच-दहा दिसल्या तरी पुष्कळ. प्रत्येकानें आकाशाचा एक भाग वांटून घ्यावा, म्हणजे "अरे, गेली!" ही हांक चारहि बाजूंनीं येते. गोधड्या, कानटोप्या व चहाचा मोठा थर्मास वर न्यावा. थर्मास नेण्याचें काम सतरा वर्षांच्या चिरंजीवांकडे असल्यास चहा दोन कप अधिक करावा. तेवढा जिन्यांतच संपतो.